काळीवरचं घर, खालचा मुरूम

कृष्णाकाठच्या जुन्या गावांची रीत ठरलेली होती: राहायचं पांढरीत, पिकवायचं काळीत. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात जुनं गावठाण बहुधा शिवारापेक्षा उंचवट्यावर, वेगळ्या मातीवर बसलेलं दिसतं. काळ्या रानात छप्पर असायचं ते फार तर गोठ्याचं. मग शहरं वाढली, उसाचे मळे एन.ए. झाले, कित्येक तर तेही न होता गुंठ्या-गुंठ्यानं विकले गेले आणि घरं काळीत उतरली. सांगलीचं शामरावनगर हे त्याचं ठळक उदाहरण. सखल जमीन, पावसाळ्यात साचून राहणारं पाणी, आणि त्यावर आयुष्याची पुंजी घालून बांधलेली घरं. या घरांना तोलून धरायचं काम जोत्याखालच्या मुरमाच्या भरावाचं असतं. अख्ख्या बांधकामात त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचा तो गुण. चैत्र-वैशाखात रानाला पडलेल्या भेगांत मनगट आत जातं आणि मृगाचे दोन पाऊस झाले की त्याच भेगा बुजतात. या फुगण्यात ताकद असते. चार मजली इमारतीचं वजन तिला दाबून ठेवू शकतं, पण बैठ्या घराला ती सहज उचलते. म्हणून काळीचा त्रास मोठ्या इमल्यापेक्षा साध्या दोन खोल्यांच्या घराला जास्त. उचलतेही सगळीकडे सारखी नाही. एका अंगाला बारमाही पाणी पिणारा ऊस आणि दुसऱ्या अंगाला कोरडा रस्ता असेल, तर घराचा एक कोपरा वर जातो आणि दुसरा जागीच राहतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तड जाते आणि पावसाळ्यात दार चौकटीला धरतं. गवंडी तड बुजवून रंग देतो, पुढच्या वर्षी ती पुन्हा उमटते.

उपाय सगळ्यांना तोंडपाठ आहे: काळी काढा, मुरूम भरा. काळीचा थर चार-पाच फुटांचा असेल तर ती पूर्ण उपसून खालच्या मुरमावर किंवा दगडावर पाया टेकवता येतो. नदीच्या अंगाला मात्र वीस फूट खणलं तरी काळीच लागते. तिथे एक तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं प्रचारात आणलेल्या, तळाशी फुगवटा असलेल्या खांबांवर घर उभं करायचं, नाही तर वरचा काही थर बदलायचा. हे खांब साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, कारण ऋतूप्रमाणे फुगण्या-आकसण्याचा खेळ त्याच्या वरच चालतो. साध्या घरात खर्चाकडे बघून बहुतेक जण थर बदलतात. चूक होते ती इथेच.

अनेकांना वाटतं, खडी आणि वाळू जितकी स्वच्छ तितका भराव चांगला. कठीण जमिनीवर ते खरंही आहे. पण काळीत खणलेल्या खड्ड्यात स्वच्छ खडी भरली, तर पावसाचं पाणी खडीतून सरळ तळाला जातं. तळाशी आणि बाजूंना काळीच असल्यानं त्याला बाहेर वाट मिळत नाही. जिला कोरडं ठेवायचं होतं तिलाच आपण वर्षभर पाणी पाजत बसतो. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी या प्रश्नाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९७८ साली इंडियन जिओटेक्निकल सोसायटीच्या वार्षिक व्याख्यानात तो मांडला. त्यांचा आग्रह असा, की काळीवर जो थर द्यायचा तो धरून राहणारा हवा आणि न फुगणाराही. असा सुमारे एक मीटरचा दाबलेला थर खालच्या काळीचं फुगणं बरंचसं रोखतो. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर हे तंत्र वापरलं गेलं. आपल्याकडे हा गुण थोडी चिकण असलेल्या चांगल्या मुरमात आयता मिळतो. मुरूम म्हणजे झिजलेला काळा पाषाणच. सह्याद्रीच्या उतारांवर आणि जत, कवठेमहांकाळच्या माळांवर तो भरपूर आहे.

पण दिसायला तांबडा म्हणून मुरूम चांगला, असं नाही. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये सापडणारी गेरूसारखी तांबडी माती मुरूम म्हणून ट्रॉलीत येते आणि ओली झाली की लोण्यासारखी मऊ पडते. परीक्षा सोपी आहे. माल वाळवून बारीक चाळणीनं चाळायचा. दहा-दहा ग्रॅम दोन काचेच्या नळ्यांत घालून एकीत पाणी, दुसरीत रॉकेल ओतायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्ही नळ्यांतली मातीची उंची ताडून पाहायची. पाण्यातली माती दीडपट भरली, तर ती ट्रॉली परत पाठवावी.

माल चांगला आला तरी काम अर्धंच झालेलं असतं. डंपरनं सगळा मुरूम एकदम जोत्यात ओतला, जेसीबीच्या बकेटनं वरून थापटला, पाइपनं पाणी सोडलं की भराव झाला, असं समजणारे ठेकेदार सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. वरचं अर्धा फूट घट्ट होतं, खालचं भुसभुशीतच राहतं. बरोबर रीत अशी: सहा ते आठ इंचांचा थर पसरायचा, मोठे धोंडे आणि मुळ्या वेचून काढायच्या, पाणी शिंपडायचं, दाबायचं आणि मगच दुसरा थर घालायचा. पाणी किती, हे अमेरिकेत धरणांच्या मातीवर काम करणाऱ्या राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ साली दाखवून दिलं. प्रत्येक मातीला पाण्याचं एक प्रमाण असं असतं, की त्यावर ती सर्वांत घट्ट बसते. कमी पडलं तरी सैल, जास्त झालं तरी सैल. जुन्या कामगारांना हे हाताला कळतं. मूठभर मुरूम दाबला की त्याचा लाडू वळला पाहिजे, तळव्याला ओल लागता कामा नये, आणि लाडू खाली टाकला की फुटला पाहिजे.

दाबायला आता प्लेट कॉम्पॅक्टर भाड्यानं मिळतं. पण भिंतीलगतच्या पट्ट्यात आणि कोपऱ्यात ते नीट पोचत नाही. तिथे अजून लोखंडी धुम्मसच लागतं. दोन्ही हातांनी उचलून सोडायचं, अर्ध्या ठोक्याची जागा पुन्हा धरत पुढे सरकायचं. मातकामात पिढ्या घालवलेल्या वडार समाजातली माणसं हे काम करताना आवाजावर कान ठेवतात. सैल जागेवर ठोका बद्द वाजतो, बसलेल्या जागेवर टणक. पूर्वी एवढं करूनही जोतं भरलं की एक पावसाळा जाऊ देत आणि बसलेल्या जागी पुन्हा भर घालून मगच भिंती चढवत. आज बँकेचे हप्ते तेवढं थांबू देत नाहीत. म्हणून दाबाईत कसूर झाली तर ती भरून काढायला मधे काळच उरलेला नाही.

साताऱ्यात प्रश्न वेगळा आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावर जागा सपाट करताना वरची बाजू कापतात आणि तीच माती खालच्या बाजूला लोटतात. घराचा अर्धा भाग कापलेल्या पक्क्या जमिनीवर आणि अर्धा नव्या भरावावर येतो. पक्का भाग हलत नाही, भराव बसत जातो आणि घर मधोमध चिरतं. भरावाआधी उताराला पायऱ्या पाडल्या, म्हणजे माती घसरत नाही. पाया मात्र दोन्हीकडे मूळ जमिनीपर्यंतच न्यावा.

सांगलीत महापुरानं जोत्याची उंचीच बदलून टाकली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हापासून नवी जोती चार-चार, पाच-पाच फूट उचललेली दिसतात. भीती रास्त आहे, उपायही रास्त आहे. पण जितकं जोतं उंच तितका भराव जास्त, आणि कोरडा ओतलेला मुरूम पहिल्यांदा पुरात बुडतो तेव्हाच नेमका खचतो. पाणी ओसरल्यावर घर उभं असतं, पण काठीनं ठोकलं की फरशी पोकळ वाजते आणि भिंतीकडेला बोटभर फट दिसते.

मुरूम फुकट येत नाही. ब्रास, म्हणजे १०० घनफूट, या मापानं तो विकला जातो, त्यावर शासनाला स्वामित्वधन भरावं लागतं आणि त्यामागे कुठला तरी डोंगर कापला जातो. घरमालकाच्या करारात मात्र भरावाची एकच ओळ असते: इतके ब्रास, इतके रुपये. थर किती इंचांचा, प्रत्येक थराला पाणी आणि दाबाई कशी, काम झाल्यावर घट्टपणा कोण तपासणार, यातलं काही त्यात नसतं. तपासणी अवघड नाही. दाबलेल्या थरात वीतभर खड्डा खणायचा, निघालेला मुरूम तोलायचा, त्यातली ओल मोजायची आणि तोच खड्डा मोजक्या वाळूनं भरून त्याचं आकारमान काढायचं. प्रयोगशाळेतल्या घट्टपणाच्या ९५ टक्के भरलं तर थर पास. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात आणि कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शिकणारी मुलं हा प्रयोग करूनच बाहेर पडतात. घर बांधणाऱ्यानं ही अट करारात लिहून घ्यावी, आणि तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय सोलिंगचा दगड जोत्यात उतरवू देऊ नये.