म्हातारपणचा विसर आणि मनावरचा ताण

माणसाचे वय वाढले की थोडा विसरभोळेपणा येतोच. चष्मा कपाळावर असताना घरभर शोधणे, ओळखीच्या माणसाचे नाव ऐनवेळी न सुचणे आणि तासाभराने आपोआप आठवणे, ही काही आजाराची लक्षणे नव्हेत. दुसऱ्या टोकाला स्मृतिभ्रंश हा आजार आहे. त्यात स्वयंपाक, पैशाचा व्यवहार, घरचा रस्ता या रोजच्या गोष्टीसुद्धा माणसाला जमेनाशा होतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्या शंभर माणसांपैकी सातांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक या आजाराने ग्रस्त आहेत.

या दोन टोकांच्या मध्ये एक पायरी आहे. विसर वयाच्या मानाने जास्त असतो, घरच्यांच्या तो लक्षात येतो, चाचणीतही दिसतो. परंतु माणूस आपले रोजचे व्यवहार स्वतः करू शकतो. डॉक्टर तिला ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ म्हणतात. आपण सौम्य स्मृतिदौर्बल्य म्हणू. अमेरिकेतील डॉ. रोनाल्ड पीटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या अवस्थेचे नीट वर्णन केले. रुग्णालयात तपासलेल्या अशा शंभर जणांपैकी दर वर्षी साधारण दहा ते पंधरा जण स्मृतिभ्रंशाकडे जातात. काही आहेत तेथेच राहतात, तर काही पुन्हा पूर्ववत होतात. म्हणून ही पायरी वेळीच ओळखली पाहिजे.

आता ताणाचा आणि स्मरणाचा संबंध पाहू. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली शरीरावरील ताणाची कल्पना प्रथम शास्त्रीय रीतीने मांडली. संकट दिसले की मेंदूकडून आज्ञा सुटते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. त्याने रक्तातील साखर वाढते व शरीर तोंड द्यायला तयार होते. कॉर्टिसॉल हा काही शत्रू नव्हे. सकाळी तो जास्त असतो, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. संकट टळल्यावर त्याने खाली यावे, हा निरोगी शरीराचा नियम.

मेंदूत ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा भाग आहे. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे ग्रीक नाव. आज सकाळी कोण भेटले, औषध घेतले की नाही, अशा नव्या आठवणींची नोंद येथे होते. अमेरिकेतील ब्रूस मॅकएवन यांच्या प्रयोगशाळेने १९६८ मध्ये उंदरांवरील प्रयोगात दाखवले की, ताणाची संप्रेरके याच भागात मोठ्या प्रमाणावर जाऊन चिकटतात. हाच भाग ‘आता कॉर्टिसॉल पुरे’ असा निरोप द्यायलाही मदत करतो. तो दुबळा झाला की निरोप क्षीण होतो, कॉर्टिसॉल चढाच राहतो आणि हा भाग आणखी थकतो. असे हे दुष्टचक्र आहे. कॅनडातील सोनिया ल्युपिएन यांनी १९९८ मध्ये काही वृद्धांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांचा कॉर्टिसॉल वर्षानुवर्षे वाढत गेला होता, त्यांचा हा भाग इतरांपेक्षा सुमारे १४ टक्के लहान आढळला व स्मरणही कमी पडले. अर्थात अशा पाहणीवरून ताण हेच एकमेव कारण आहे, असे म्हणता येत नाही.

ताणाचा एक परिणाम तर तात्काळ होतो. २००० साली निरोगी माणसांना कॉर्टिसोनची गोळी देऊन केलेल्या प्रयोगात, आधी पाठ केलेले शब्द त्यांना कमी आठवले. म्हणजे आठवण पुसली गेली नव्हती, ती वेळेवर वर येत नव्हती. आम्ही बँकेत काम करतो, त्यामुळे याचा पडताळा दर नोव्हेंबरात येतो. हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. मागून कोणी ‘बाबा, आटपा लवकर’ म्हणून ओरडले की पीपीओ क्रमांक, मोबाईलचा नंबर, सारे गळून पडते. त्याच बाबांना बाकावर बसवावे, पाणी द्यावे, शांतपणे विचारावे. बऱ्याचदा ते सगळे बरोबर सांगतात. ल्युपिएन यांच्या गटाने २०१३ मध्ये हेच दाखवून दिले. चाचणी वृद्धांच्या सोयीने घेतली, तर त्यांचा कॉर्टिसॉल कमी राहतो आणि स्मरणही सुधारते. २०१४ पासून हा दाखला ‘जीवन प्रमाण’द्वारे घरूनही देता येतो. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरील निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासूनच देण्याची सवलत आहे. मुलांनी व नातवंडांनी एवढे काम अंगावर घ्यावे.

आपल्या समाजातील अनेक वडीलधाऱ्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही. अशांना लिहिण्यावाचण्याचे प्रश्न विचारून ‘डोके गेले’ असे ठरवणे अन्यायाचे आहे. हरियाणातील बल्लभगड येथे नव्वदच्या दशकात निरक्षर वृद्धांसाठी मुद्दाम वेगळी हिंदी चाचणी तयार करण्यात आली, ती याच जाणिवेतून.

विसर वाढतो आहे असे वाटल्यास प्रथम डॉक्टरांकडे जावे. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्या जवळ आहेत. थायरॉईड, उदासीनता, कमी ऐकू येणे, झोपेच्या गोळ्या आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही विसर पडतो, आणि यांवर उपाय आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे परिसरातील ४४१ पुरुषांच्या पाहणीत दर तिघांपैकी दोघांत बी-१२ कमी आढळले होते. रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवावेत. कॉर्टिसॉल दिवसभर बदलत असल्याने नुसत्या एका तपासणीवरून विसराचे निदान होत नाही; ती स्वतःहून करवून पैसे घालवू नयेत.

घरी करण्याजोगे पुष्कळ आहे. रोज चालणे, वेळेवर झोप, औषधांची ठरलेली जागा, भिंतीवर मोठ्या अक्षरांचे कॅलेंडर. आनापान साधनेने मन शांत होण्यास मदत होते, मात्र ती औषधोपचाराच्या जागी धरू नये. मुले पुण्याला, सुरतेला गेली आणि घरात एकटे म्हातारे माणूस उरले, तर त्या एकटेपणाचाही ताण असतो. अशा वडीलधाऱ्यांना रविवारी विहारात आणण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावे. वृद्धांसाठी १४५६७ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत. ते प्रत्येक घरात लिहून ठेवावेत.

एकच प्रश्न आजीने तिसऱ्यांदा विचारला, तर तिसऱ्यांदाही त्याच आवाजात उत्तर द्यावे. ‘आत्ताच तर सांगितले’ असे खेकसल्याने तिला आठवणार नाही, उलट जे आठवत होते तेही भीतीने निसटेल. एवढी गोष्ट आपल्या सभासदांनी पाळली, तरी अनेक घरांतील म्हातारपण सुसह्य होईल.