सरकारी सोडत आणि तिचा हिशेब

पेठ वडगावहून महामार्गाने दक्षिणेस निघालेला मनुष्य दोन तासांच्या आत निपाणी गाठतो. वाटेत उसाचे फड तेच, कानावर पडणारी मराठीही बव्हंशी तीच. परंतु महाराष्ट्र शासनाची मुद्रा असलेले लॉटरीचे तिकीट तेथे विकता येत नाही. कर्नाटकाने २००७ साली लॉटरी सर्वस्वी बंद केली. महाराष्ट्राने १९६९ साली सुरू केलेली सोडत आजही चालू आहे, आणि शेजारचे गोवाही या व्यवहारात आहे. जे कृत्य सीमेच्या अलीकडे राजमान्य, तेच पलीकडे निषिद्ध!

या विसंगतीचे मूळ जुने आहे. बक्षिसांच्या शब्दकोड्यांवरून मुंबई राज्याशी झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली थेट ऋग्वेदातील जुगाऱ्याची आठवण काढली आणि जुगार हा व्यापार नव्हेच, असा निर्णय दिला. पुढे १९९९ साली त्याच न्यायालयाने सांगितले की, सरकारने चालविल्यामुळे लॉटरीचे जुगारपण जात नाही. मात्र परराज्याची लॉटरी रोखावयाची असेल, तर राज्याने आधी स्वतःची बंद केली पाहिजे. कर्नाटकाने ती किंमत मोजली. केंद्र सरकारनेही सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीला कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींच्या पंगतीस बसवून ४० टक्के कर लावला आहे. तेव्हा हा जुगार आहे की नाही, हा वाद आता उरलेला नाही.

मग सरकारने तो खेळवावा काय? लॉटरी बंद केली तर मटकेवाल्याचे फावेल, हा युक्तिवाद आम्ही पोकळ मानीत नाही. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने एकअंकी लॉटरीला बंदी केली, ती मटक्याची ही छाया ओळखूनच. तिकिटे सरकारने छापावीत, सोडत सरकारनेच आणि राज्यातच काढावी, एका लॉटरीची आठवड्यात एकाहून अधिक सोडत नसावी, असे दंडकही त्यात आहेत. केरळने यावर तोड काढली: वाराला एक याप्रमाणे सात लॉटऱ्या! कायद्याचे अक्षर शाबूत राहिले आणि रोजची विक्रीही.

आमचा खरा आक्षेप मात्र निराळा आहे. विक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात जमा व्हावा, कोणी न मागितलेले बक्षीसही राज्याचेच व्हावे, एवढे हा कायदा सांगतो. तो पैसा कशावर खर्च व्हावा, याविषयी तो मूक आहे. शिवाय तिकीट काढणारे सरकार, सोडत काढणारे सरकार आणि देखरेख ठेवणारेही सरकारच. ब्रिटनने १८२६ नंतर बंद ठेवलेली राष्ट्रीय लॉटरी १९९४ साली पुन्हा आणली, तेव्हा ही कामे वेगळी केली. परवाना घेतलेली कंपनी तिकिटे विकते, एक स्वतंत्र आयोग तिच्यावर नजर ठेवतो आणि कला, क्रीडा, वारसा व समाजकार्य यांसाठीचा वाटा निराळ्या संस्था वाटतात. कोणत्या संस्थेला किती मिळाले, हे तेथील सामान्य नागरिकास पाहता येते. इंग्रजांचे सर्वच अनुकरणीय आहे असे नव्हे. पण हिशेब चव्हाट्यावर मांडण्याची ही रीत घेण्यासारखी आहे.

आठवडी बाजारात दिवसाची मजुरी हाती पडताच तिकीट घेणारा मनुष्य काही करबुडव्या नव्हे. त्याच्या आशेवर सरकार स्वेच्छेचा कर बसवीत आहे. त्याला एवढे तरी कळावे: विक्री किती झाली, बक्षिसांत किती गेले, वितरकाने किती घेतले, आणि उरलेल्या पैशातून कोणत्या तालुक्यात काय उभे राहिले. वित्त विभागाने हा तक्ता सोप्या मराठीत छापून प्रत्येक विक्रेत्याच्या फळीवर लावावयास हवा, आणि त्याची तपासणी लॉटरी चालविणाऱ्या खात्याबाहेरच्या माणसांकडे सोपवावयास हवी. येत्या दिवाळीच्या भव्यतम सोडतीपासूनच ही सुरुवात व्हावी.