लष्करप्रमुख न झालेले थोरात

कोल्हापूरकडे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचं नाव निघालं की बोलणं दोन वाक्यांवर येऊन थांबतं. एक, ते लष्करप्रमुख व्हायला हवे होते. दोन, त्यांचं ऐकलं असतं तर बासष्टच्या चीन युद्धातली नामुष्की टळली असती. पहिलं मला मान्य आहे, दुसरं अर्धंच. पण या दोन वाक्यांपायी त्यांची पस्तीस वर्षांची फौजेतली नोकरी आणि निवृत्तीनंतरची एकतीस वर्षं झाकून जातात, हे काही बरं नाही.

शंकरराव थोरात वडगावचे, जन्म १९०६ चा. सँडहर्स्टहून १९२६ साली कमिशन मिळालं. लढाईत पलटण हिंदी अधिकाऱ्याच्या हाती द्यायला इंग्रज तेव्हा राजी नसत. ही अढी मोडली ती ब्रह्मदेशात. जानेवारी १९४५ मध्ये आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ इथे लढलेल्या ५१ ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर हिंदी होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. थोरातांच्या २/२ पंजाबने ‘मेलरोझ’ नावाची टेकडी हातघाईच्या लढाईत जिंकली. तिघांनाही डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. हे त्रिकूट पुढेही एकमेकांना भेटत राहणार होतं.

थिमय्यांशी गाठ पडली ती कोरियात, १९५३ साली. युद्धबंदी झाली होती, पण मायदेशी जायला नकार देणाऱ्या सुमारे तेवीस हजार कैद्यांचं करायचं काय, हा पेच उरला होता. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी आपल्या भूमीवर भारतीय जवानांना पाय ठेवू द्यायचं नाकारलं. मग ही फौज जहाजांवरून थेट हेलिकॉप्टरमध्ये चढवून निर्लष्करी पट्ट्यात उतरवली गेली. तिथे वसलेल्या छावणीचं नाव ‘हिंद नगर’. सप्टेंबरात चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या अधिकाऱ्याला ओढून आपल्या कुंपणाआड नेलं. बाहेरून गोळीबार केला असता तर शेकडो मेले असते आणि भारताची तटस्थता तिथेच संपली असती. थोरात मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन त्या खवळलेल्या जमावात शिरले, बोलणी केली आणि ग्रेवालांना सोडवून आणलं. बंदुकीचा चाप कधी ओढायचा नाही, हे कळायलाही सेनापतीच लागतो.

१९५७ मध्ये ते पूर्व विभागाचे प्रमुख झाले, मुख्यालय लखनौला. चिन्यांशी लोंगजूला झालेल्या चकमकीनंतर नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाची, सरहद्द लष्कराकडे आली, आणि ऑक्टोबर १९५९ मध्ये थोरातांनी तिच्या संरक्षणाचा आराखडा लिहून काढला. विचार साधा, पण कटू होता. सरहद्दीपर्यंत आपल्याला रस्ता नाही. तवांगच्या पुढच्या जवानाला शिधा मिळणार तो हमालाच्या पाठीवरून, नाहीतर विमानातून टाकलेला. पलीकडे तिबेटच्या पठारावर चिन्यांचे ट्रक धावतात. तेव्हा सरहद्दीवर नुसत्या सूचना देणाऱ्या चौक्या ठेवाव्यात आणि खरी झुंज मागे, बोमडिलाच्या अंगाने द्यावी. तिथवर येता येता शत्रूचीच रसद ताणली जाईल. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ या सरावात हाच आराखडा वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे खेळवून दाखवला गेला. तोवर लष्करप्रमुख झालेल्या थिमय्यांनी पाठिंबा दिला; संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तो मोडीत काढला.

आता माझा अर्धा नकार. जी कुमक, जे रस्ते आणि जी हत्यारं हा आराखडा मागत होता, ती बासष्टमध्येही नव्हती. शिवाय तवांग लढल्यावाचून सोडतो म्हणणाऱ्या सरकारला संसदेने उभं राहू दिलं असतं का? कागद अचूक होता, तो पेलणारा देश नव्हता.

थिमय्यांनी लष्करप्रमुखपदासाठी थोरातांचं नाव सुचवलं. नेमणूक झाली थापर यांची. मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. पूर्व विभागात त्यांच्या खुर्चीवर आले सेन, कांगॉचे तेच सेन, आणि पुढल्या वर्षीचा पराभव त्यांच्या वाट्याला आला. पराभवानंतर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. हा आराखडा आपल्यापर्यंत आलाच कसा नाही, असं पंतप्रधानांनी विचारलं, असं थोरातांनी लिहून ठेवलंय. राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर त्यांना आणि थिमय्यांना घेण्यात आलं. घर जळाल्यावर विहीर खणायला बोलावल्यासारखंच ते होतं.

थोरात त्यातच अडकून बसले नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी नव्या राज्यासाठी अधिकारी निवडले. मोठ्या पदावरून उतरलेल्या माणसाला तहसीलदारकीच्या उमेदवारांच्या मुलाखती किरकोळ वाटायच्या. यांना वाटल्या नाहीत. मुलगा यशवंत फौजेत न जाता रिझर्व्ह बँकेत गेला आणि पुढे नाबार्डचा अध्यक्ष झाला.

बासष्टवर त्या युद्धातल्या जनरल कौलांचं पुस्तक १९६७ मध्ये आलं, ब्रिगेडियर दळवींचं १९६९ मध्ये. त्याच वर्षी सेनांनीही लिहिलं, पण काश्मीरच्या लढाईवर. थोरातांचं आत्मचरित्र निघालं थेट १९८६ मध्ये. तोवर नेहरू, थिमय्या, मेनन, कौल, थापर सगळे गेले होते. त्यामुळे नेहरूंच्या भेटीचा प्रसंग एका बाजूचा म्हणूनच वाचावा लागतो. कोरियाच्या प्रकरणांना मात्र ही अडचण नाही. तिथल्या कामगिरीची नोंद जगाच्या कागदपत्रांत आहे, आणि थोरातांना जोखायचं असेल तर मी तरी तिथूनच सुरुवात करीन.