ग्रीक पाठचिकित्सा आणि आरंभीची ख्रिस्ती भाष्यपरंपरा : ओबेलोस व ॲस्टेरिस्कोस या चिन्हांचा प्रवास

प्रस्तावना

प्राचीन ग्रंथाचे संपादन करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतोच. हाती आलेल्या प्रतींमध्ये एकवाक्यता नाही आणि एखादी ओळ मूळ ग्रंथकाराची नसावी असा दाट संशय आहे. अशा वेळी त्या ओळीचे काय करावयाचे? ती गाळली तर परंपरेने जपलेला मजकूर कायमचा नष्ट होण्याचा संभव असतो, ती निमूटपणे ठेवली तर वाचकाची दिशाभूल होते. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील ग्रीक विद्वानांनी या पेचातून तिसरा मार्ग काढला. संशयित ओळ ग्रंथात ठेवावी, मात्र तिच्या डाव्या बाजूस समासात खूण करावी, असा तो मार्ग होय. होमरच्या महाकाव्यांसाठी निर्माण झालेल्या या खुणा सुमारे पाचशे वर्षांनी ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने बायबलच्या जुन्या करारासाठी स्वीकारल्या. लौकिक काव्याची साधने धर्मग्रंथाच्या अभ्यासात कशी आली, तेथे त्यांच्या अर्थात कोणता बदल घडला आणि त्यातून कोणते वाद उद्भवले, याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय आणि होमरचा पाठ

इ.स.पू. ३३१ मध्ये अलेक्झांडरने वसविलेल्या अलेक्झांड्रिया नगरात टॉलेमी घराण्यातील पहिल्या राजांनी ‘म्यूझिऑन’ ही विद्वत्संस्था व तिच्याशी संलग्न असे ग्रंथालय उभारले. ग्रीक जगाच्या कानाकोपऱ्यांतून तेथे पपायरसच्या गुंडाळ्या जमा होऊ लागल्या. कॅलिमॅकस याने ‘पिनाकेस’ या नावाने ग्रंथकारांची व त्यांच्या ग्रंथांची १२० भागांची सूची सिद्ध केली. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती शेजारी शेजारी आल्या, तेव्हा त्यांतील तफावत प्रथमच ठळकपणे नजरेस पडली. होमरच्या काव्यांच्या बाबतीत ती विशेष होती. मस्सालिया, खिऑस, आर्गोस अशा निरनिराळ्या नगरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रती परस्परांशी जुळत नव्हत्या.

ग्रंथालयाचा पहिला प्रमुख मानला जाणारा एफेससचा झेनोडोटस याने होमरचे संपादन हाती घेतले. संशयास्पद वाटलेल्या ओळीपुढे तो एक आडवी रेघ काढीत असे. या रेघेस ‘ओबेलोस’ म्हणजे सळा असे नाव पडले. मांस भाजावयाच्या सळईशी तिचे साम्य होते. बायझँटियमच्या ॲरिस्टोफेनीसने या खुणांत भर घातली. ग्रीक लेखनातील स्वराघातचिन्हांचे श्रेयही परंपरेने त्यालाच दिले आहे. त्याचा शिष्य सॅमोथ्रेसचा ॲरिस्टार्कस (सुमारे इ.स.पू. २१६ ते १४४) याने मात्र खुणांची एक परिपूर्ण व्यवस्था निर्माण केली. ओबेलोस म्हणजे ओळ होमरची नसावी असा अभिप्राय. ‘ॲस्टेरिस्कोस’ म्हणजे लहान तारा ही अन्यत्र पुनरावृत्त झालेल्या ओळीची खूण. तारा व सळा एकत्र असतील, तर ती पुनरावृत्ती अस्थानी आहे असा निर्णय. भाषा किंवा आशय यांच्या दृष्टीने लक्षणीय ओळीपुढे ‘डिप्ले’ हे कोनाकृती चिन्ह येई. हेच चिन्ह ठिपक्यांसह आले, तर तेथे झेनोडोटसशी मतभेद आहे असे समजावयाचे. खूण संहितेत आणि तिची कारणमीमांसा स्वतंत्र भाष्यात, अशी ही दुहेरी रचना होती.

या दोन संपादकांच्या पद्धतींतील भेद एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. इलियडच्या तिसऱ्या सर्गात ॲफ्रोडायटी ही देवता हेलनसाठी आसन आणून मांडते, असा प्रसंग आहे. देवतेने मानवी स्त्रीची अशी सेवा करणे अनुचित होय, या कारणास्तव झेनोडोटसने त्या ओळी संशयित ठरविल्या. परंतु देवता त्या वेळी वृद्ध दासीच्या रूपात आली आहे, असे कवीने थोड्या ओळी आधी सांगितलेले आहे. ते रूप ध्यानात घेतले तर तिचे कृत्य प्रसंगोचित ठरते, असा निर्वाळा ॲरिस्टार्कसच्या परंपरेतील टीपांत आढळतो. संपादकाची औचित्यकल्पना काव्यावर न लादता काव्याचा अर्थ काव्याच्याच आधारे लावावा, हे तत्त्व येथे दिसते. ‘होमरचा उलगडा होमरवरूनच करावा’ हे सूत्र पुढे ॲरिस्टार्कसशी जोडले गेले. त्याचे शब्द उत्तरकालीन असले, तरी त्याची पद्धती त्यातून यथार्थपणे व्यक्त होते.

ॲरिस्टार्कसचा अखेरचा काळ राजकीय उलथापालथीत गेला. इ.स.पू. १४५ मध्ये आठवा टॉलेमी सत्तेवर आल्यानंतर अनेक विद्वानांना अलेक्झांड्रिया सोडावे लागले. ॲरिस्टार्कसचा मृत्यू सायप्रसमध्ये झाला. त्याचे मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. तथापि दहाव्या शतकातील ‘व्हेनेटस ए’ या इलियडच्या हस्तलिखितात त्याच्या खुणा व तत्संबंधी टीपा जतन झाल्या आहेत. व्हेनिसच्या ग्रंथालयातील हे हस्तलिखित व्हिल्वाझोंने १७८८ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच्या आधारावरच फ्रीडरिश वोल्फने १७९५ मध्ये होमरविषयक आधुनिक चर्चेचा पाया घातला.

ओरिजेन : व्याकरणशिक्षक आणि भाष्यकार

अलेक्झांड्रिया हे ग्रीक विद्येप्रमाणेच ग्रीकभाषक ज्यूंचेही मोठे केंद्र होते. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून तेथे हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. बहात्तर भाषांतरकारांच्या आख्यायिकेवरून त्यास ‘सेप्टुअजिंट’ हे नाव मिळाले. आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने हेच भाषांतर आपला धर्मग्रंथ म्हणून स्वीकारले. मात्र ज्यूंच्या हिब्रू पाठात व या ग्रीक पाठात पुष्कळ ठिकाणी फरक होता, आणि उभय समाजांतील वादविवादात तो वारंवार अडचणीचा ठरे.

ओरिजेनचा जन्म सुमारे इ.स. १८५ मध्ये अलेक्झांड्रियात झाला. ख्रिस्ती धर्मश्रद्धेपायी पित्याला देहदंड झाला आणि घरची मालमत्ता जप्त झाली, तेव्हा ओरिजेनचे वय सतरा वर्षांहूनही कमी होते. आई व सहा धाकट्या भावांच्या निर्वाहासाठी त्याने व्याकरणशिक्षकाचा पेशा पत्करला. त्या काळी ‘व्याकरण’ या विषयात होमरादी कवींचे वाचन, पाठांची तुलना आणि शब्दार्थविवरण यांचा समावेश होत असे. पुढे धर्मशिक्षणास वाहून घेताना त्याने आपल्याजवळील लौकिक ग्रंथ विकून टाकले आणि त्या मोबदल्यात दररोज चार ओबोल एवढ्या अल्प रकमेवर निर्वाह केला, असे युसेबियसने नमूद केले आहे. ग्रंथ गेले, परंतु त्या ग्रंथांनी लावलेली शिस्त त्याच्यापाशी राहिली.

तिसऱ्या शतकाच्या चौथ्या दशकात ओरिजेन पॅलेस्टाइनमधील सीझरिया येथे स्थायिक झाला. ‘हेक्साप्ला’ म्हणजे ‘षट्पदरी’ ग्रंथ ही त्याची सर्वांत प्रचंड कृती होय. त्यात जुन्या कराराचा मजकूर सहा समांतर स्तंभांत मांडलेला होता : मूळ हिब्रू, ग्रीक लिपीतील हिब्रू, ॲक्विलाचे भाषांतर, सिमॅकसचे भाषांतर, सेप्टुअजिंट आणि थिओडोशनचे भाषांतर. सेप्टुअजिंटमध्ये असलेल्या परंतु हिब्रूत नसलेल्या मजकुराला त्याने ओबेलोसची खूण केली. हिब्रूत असलेला परंतु सेप्टुअजिंटमध्ये नसलेला मजकूर अन्य भाषांतरांतून, विशेषतः थिओडोशनकडून घेऊन त्यापुढे तारा काढला. खूण कोठे संपते हे दाखविण्यासाठी ‘मेटोबेलोस’ हे चिन्ह योजिले. या खुणा षट्स्तंभी ग्रंथातच होत्या की त्यावरून सिद्ध केलेल्या स्वतंत्र संहितेत, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांचा अर्थ मात्र ओरिजेनने स्वतःच मत्तयच्या शुभवर्तमानावरील भाष्यात सांगितला आहे.

येथे चिन्हांच्या अर्थातील परिवर्तन लक्षात घेणे अगत्याचे आहे. ॲरिस्टार्कसचा ओबेलोस हा निर्णय होता : ही ओळ होमरची नव्हे. ओरिजेनचा ओबेलोस ही नोंद होती : हा मजकूर एका पाठात आहे, दुसऱ्यात नाही. चर्चमध्ये पूज्य मानला गेलेला मजकूर रद्द ठरविण्याचे धाडस आपल्याला झाले नाही, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. ज्याला खुणांचे वावडे असेल, त्याने आपल्या मतानुसार तो मजकूर स्वीकारावा वा नाकारावा, ही मोकळीकही त्याने दिली. काव्यचिकित्सेचे हत्यार धर्मग्रंथाजवळ येताच सौम्य झाले. परंतु तफावत झाकण्याऐवजी ती उघड दाखविण्याचा त्याचा गुण कायम राहिला.

सुसॅनाची कथा आणि श्लेषाचा पुरावा

या पद्धतीची मर्यादा दर्शविणारा वाद सुमारे इ.स. २४० मध्ये उद्भवला. ग्रीक दानीएलच्या ग्रंथात सुसॅना नामक स्त्रीवर दोन वृद्धांनी घेतलेल्या खोट्या आळाची कथा आहे; हिब्रूत ती नाही. तिला कोणत्या झाडाखाली पाहिले, असे दानीएल त्या दोघांना वेगवेगळे विचारतो. एक ‘स्खिनोस’ म्हणतो, दुसरा ‘प्रिनोस’. पहिल्याला दानीएल ‘स्खिझेइन’ म्हणजे दुभंगणे आणि दुसऱ्याला ‘प्रिएइन’ म्हणजे करवतणे या क्रियापदांचा उपयोग करून शिक्षा सुनावतो. ज्युलियस आफ्रिकेनस या ख्रिस्ती विद्वानाने ओरिजेनला पत्र लिहून निदर्शनास आणले की, हा श्लेष केवळ ग्रीकमध्येच साधतो. सबब कथा मुळात ग्रीकमध्ये रचली गेली असून ती दानीएलची असू शकत नाही. हा शुद्ध व्याकरणशिक्षकाचा युक्तिवाद होता.

ओरिजेनच्या उत्तरात विद्वान आणि श्रद्धावान यांचा ताण स्पष्ट जाणवतो. आपण ज्यू जाणकारांकडे त्या झाडांच्या हिब्रू नावांची चौकशी केली, परंतु समाधानकारक उत्तर मिळाले नाही, हे त्याने प्रांजळपणे मान्य केले. हिब्रूतही तत्सम श्लेष असण्याची शक्यता त्याने मांडली आणि अखेरीस चर्चच्या परंपरेने स्वीकारलेले ग्रंथ टाकून देण्यास नकार दिला. पुढे ख्रिस्ती धर्माचा कट्टर टीकाकार पॉर्फिरी याने हाच श्लेष दानीएलच्या ग्रंथाविरुद्ध वापरला. श्रद्धेच्या आत राहून विचारलेला प्रश्न प्रतिपक्षाच्या हाती शस्त्र ठरू शकतो, हे यावरून दिसून येते. मात्र या पॉर्फिरीने ओरिजेनवर ग्रीकांची रूपकार्थाची पद्धत परकीय ग्रंथांना लावल्याचा जो आरोप केला, तो करताना त्याने स्वतः होमरच्या ओडिसीतील गुहेचे रूपकात्मक विवरण लिहिले होते, हेही विसरता येत नाही.

जेरोम आणि खुणांचे भवितव्य

व्हर्जिल व टेरेन्स यांचा भाष्यकार डोनॅटस याच्याकडे रोममध्ये शिकलेल्या जेरोमने (मृत्यू इ.स. ४२०) सीझरियातील हेक्साप्ला प्रत्यक्ष अभ्यासला. स्तोत्रसंहिता व ईयोब यांच्या लॅटिन आवृत्त्यांत त्याने ओरिजेनच्या खुणा वापरल्या. नकलकार या खुणा निरुपयोगी समजून गाळतात आणि त्यामुळे वाचनात मोठा घोटाळा होतो, अशी तक्रार त्याने एका पत्रात नोंदविली आहे. ही तक्रार मूलगामी होती. खूण गेली की ताऱ्याखालील पुरवणी मजकूर मूळ सेप्टुअजिंटमध्ये बेमालूम मिसळून जाई. पाठशुद्धीसाठी केलेला खटाटोप अशा रीतीने पाठमिश्रणाचेच कारण बनला.

जेरोमने नंतर थेट हिब्रूवरून भाषांतर केले, तेव्हा बहुतेक खुणांचे प्रयोजनच संपले. सुसॅनाची कथा मात्र त्याने दानीएलच्या शेवटी ओबेलोससह ठेवली. इ.स. ४०३ मध्ये ऑगस्टीनने त्याला लिहिलेल्या पत्रात ईयोबच्या पहिल्या भाषांतरातील काळजीपूर्वक केलेल्या खुणांचे स्मरण करून दिले आणि एक घटना कळविली. ओईया, म्हणजे आजच्या त्रिपोली, येथील चर्चमध्ये योनाच्या ग्रंथाचे नवे भाषांतर वाचताना योनावर सावली धरणाऱ्या वेलीसाठी परिचित ‘भोपळा’ या शब्दाऐवजी ‘आयव्ही’ हा शब्द आला. श्रोत्यांत एवढा क्षोभ उसळला की बिशपला आपला समाज गमावण्याची पाळी आली. पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडलेला एक शब्द बदलण्याची किंमत किती असते, हे या घटनेतून स्पष्ट होते.

हेक्साप्ला संपूर्ण स्वरूपात आज उपलब्ध नाही. तथापि इ.स. ६१६–६१७ च्या सुमारास टेलाच्या पॉलने अलेक्झांड्रियाजवळील मठात केलेल्या सिरियाक भाषांतरात ओरिजेनच्या खुणा सुरक्षित राहिल्या. फ्रेडरिक फील्डने विखुरलेले अवशेष संकलित करून ते १८७५ मध्ये पूर्णत्वास नेले.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, अलेक्झांड्रियाच्या विद्वानांचे खरे योगदान त्यांच्या एकेका निर्णयात नसून निर्णय आणि पुरावा वेगळे ठेवण्याच्या पद्धतीत आहे. झेनोडोटसचे मत ॲरिस्टार्कसला खोडता आले, कारण संशयित ओळी त्याच्यासमोर होत्या. आफ्रिकेनसचा प्रश्न आजही तपासता येतो, कारण सुसॅनाची कथा गाळली गेली नाही.

या पद्धतीचे दूरचे नाते महाराष्ट्राशीही पोहोचते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक वि. स. सुकथनकर यांचे शिक्षण बर्लिन येथे युरोपीय पाठचिकित्सेच्या शिस्तीत झाले होते. त्या आवृत्तीत मुख्य संहितेबाहेर ठरविलेले श्लोक टाकून न देता तळटीपांत क्रमांकासह छापले असून त्या क्रमांकांपुढे ताराच आहे. अर्थ बदलला, लिपी बदलली, ग्रंथही बदलला. परंतु जे नाकारावयाचे तेही वाचकाच्या स्वाधीन करावे, हा संपादकाचा धर्म मात्र तोच राहिला.