उभ्या गाडीची बॅटरी

ब्रिटनमध्ये बरीच मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरं, हिवाळाभर उभीच असतात. गाडी बंद आहे, मग बॅटरी कशाला उतरेल, असं मालकाला वाटतं. पण अलार्म, घड्याळ गुपचूप वीज पीत असतात. शिवाय शिसे-आम्लाची बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरतेच. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी प्रत्यक्षात सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ दिसले, की चार्जिंगला लावावी. तशीच राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात, आणि मग चार्जरही फारसं काही करू शकत नाही. कडाक्याच्या थंडीत उतरलेली बॅटरी गोठून फुटतेसुद्धा. भरलेली सहसा नाही. छपरावर छोटं सौर पॅनल असलं तर उत्तमच, मात्र गाडीवर कव्हर घातलं की तेही आंधळं! नाहीतर केबल सोडवून ठेवावी. आधी ऋण टोकाची, बरं का.