चवदार तळ्यावरचा मनाईहुकूम

परवा आमच्या नागोठण्याच्या शाळेत एका मुलाने विचारलं, "बाई, मोर्चा काढायचा आपल्याला हक्क आहे ना? मग कोर्ट त्याला मनाई कशी करतं?"

या प्रश्नाचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. नागोठण्याहून एस.टी.ने महाडला जा आणि तिथलं चवदार तळं पाहा.

हे तळं नगरपालिकेचं. १९२४ साली पालिकेने ते सर्वांना खुलं केलं, पण फक्त कागदावर! दलितांना तिथे पाणी भरू देत नसत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर या लोकांना मारहाण झाली. म्हणून डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं.

तेव्हा विरोधक दिवाणी न्यायालयात गेले. १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला : तळ्यावर जायचं नाही!

लक्षात ठेवा, तात्पुरता मनाईहुकूम म्हणजे निकाल नव्हे. निकाल लागेपर्यंत 'थांबा' एवढंच तो सांगतो. पण तो मोडला तर शिक्षा होऊ शकते.

२५ डिसेंबरला परिषद भरली. माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. हक्क आपला आहे, तो कोर्टातही सिद्ध करू, असं ठरवून सत्याग्रह तहकूब झाला. किती जड गेलं असेल ते!

खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला. मनाईची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे, हे विरोधकांना सिद्ध करता आलं नाही. १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेब जिंकले. पहिल्या ओंजळीला दहा वर्षं व्हायला तीनच दिवस उरले होते!

आज संविधानाच्या कलम १९ नुसार शांततेने, शस्त्राशिवाय एकत्र जमण्याचा आपल्याला हक्क आहे. त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. जमावबंदीचा आदेश पूर्वी कलम १४४ खाली निघे; १ जुलै २०२४ पासून तो नव्या संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. अशा आदेशाविरुद्धही न्यायालयात दाद मागता येते. आंदोलकाला अटक झाली, तर त्याला कारण सांगावं लागतं, वकील घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं.

आता एक प्रश्न माझा. महाडच्या त्या मांडवात तुम्ही असता, तर थांबला असता का? आज जेवताना आई-बाबांनाही विचारा बरं!