बोर्ड कुठलं, हे विचारा

एडिसन, न्यू जर्सी

माकुणसारच्या मंडळींनो,

गेल्या उन्हाळ्यात पाठीवरच्या तिळाचा रंग बदलायला लागला म्हणून मी जवळच्याच एका दवाखान्यात गेलो. पाटीवर 'स्किन अँड लेझर', भिंतीवर चौकटीतली प्रमाणपत्रं, डॉक्टर बोलायला गोड. घरी आल्यावर सुनेने विचारलं, "बाबा, ते कुठल्या बोर्डाचे?" डॉक्टर म्हणजे डॉक्टर, अशी माझी समजूत. तिने फोनवर नाव टाकलं. फॅमिली मेडिसिन निघालं. डॉक्टर खोटे नव्हते. पाटीवर त्वचारोगतज्ज्ञ असं कुठे लिहिलेलंही नव्हतं, आम्हीच तसं धरून चाललो होतो.

इथे लायसन्स देतं राज्य. ते मिळालं की त्वचेवर उपचार करायला कायद्याची आडकाठी नाही. बोर्डाचं प्रमाणपत्र निराळं, आणि ते घेण्याची सक्ती नाही. अमेरिकन बोर्ड ऑफ डर्मेटॉलॉजी १९३२ पासून आहे. एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) झाल्यावर एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षं फक्त त्वचारोग, मग परीक्षा. अशी मान्यताप्राप्त २४ बोर्डं एका छत्राखाली आहेत आणि 'सर्टिफिकेशन मॅटर्स' या त्यांच्या साइटवर कोणालाही डॉक्टरचं नाव फुकट शोधता येतं. डीओ या एमडीसारख्याच दुसऱ्या पदवीच्या डॉक्टरांसाठी वेगळं बोर्डही आहे, तेही अस्सल. पण नावात 'अमेरिकन बोर्ड' असलेल्या काही संस्था या २४ मध्ये नाहीत. म्हणून नुसतं 'बोर्ड सर्टिफाइड' ऐकून थांबायचं नाही, कुठलं बोर्ड ते विचारायचं. इथे असं विचारलं तर कोणी रागावत नाही.

हे लिहायचं कारण आपल्या गावातलंच. दिवाळीला आलो तेव्हा पुतण्याच्या मांडीवर गजकर्ण. दिवसभर वाडीत, घामाने कपडे भिजलेले. मेडिकलमधून कोणीतरी ट्यूब दिली होती. आठवड्यात खाज गेली, म्हणून तो लावत राहिला. महिन्या-दोन महिन्यांत ते कमरेपर्यंत पसरलं, कातडी पातळ झाली, लालसर रेघा उठल्या. ट्यूब हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली: क्लोबेटासॉल. हे जबर स्टेरॉइड. खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र आत फोफावते. माझ्या पोराच्या वयाचा मुलगा, लाजेने कोणाला दाखवत नव्हता. मला फार वाईट वाटलं.

आपल्याकडेही तपासायची सोय आहे. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवर, पावतीवर छापायचा असतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तो क्रमांक किंवा नाव टाकून पाहा. एमबीबीएसच्या पुढे त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा नोंदलेला असेल तर ते त्वचेचे डॉक्टर. कॉस्मेटॉलॉजीचा छोटा कोर्स म्हणजे ते शिक्षण नव्हे. चांगल्या डॉक्टरला यात अपमान वाटणार नाही.

माझा तीळ पुढे बोर्डाच्या डॉक्टरांनी काढून तपासायला पाठवला, साधाच निघाला. पुतण्याचं औषध अजून चालू आहे. तुमच्या घरात कोणी अशी ट्यूब लावत असेल तर आजच तिच्यावरचं नाव वाचा, आणि सफाळ्याहून पालघरला गाडीत बसण्याआधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक बघून घ्या.

तुमचाच,
एडिसनचा वार्ताहर